जिन्याच्या जागी चौक

आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षी थीसिससाठी मी फरीदाबादमधला एक बंद कारखाना निवडला. बाबांच्या सरकारी नोकरीमुळे आम्ही जवळच राहत होतो. तयार कपडे शिवण्याचा तो कारखाना आग लागल्यापासून ओसाड पडला होता. मागच्या वस्तीसाठी तिथे पाळणाघर, वाचनालय आणि बायकांना बसायला मोठी खोली करावी, अशी माझी कल्पना होती.

मी मोजमापं घेत असताना वस्तीतली एक बाई फाटकाशी येऊन उभी राहायची. आत कधी यायची नाही. तिची मुलगी त्या आगीत गेली, हे मला शेजारणींकडून कळलं. वरच्या मजल्यावरून उतरायला मागे एक जिना होता, पण माल चोरीला जाऊ नये म्हणून त्याच्या दाराला कुलूप असायचं. त्या दिवशीही होतं.

मॉडेल तयार झाल्यावर मी ते वस्तीत नेलं. पाळणाघर वरच्या मजल्यावर होतं, कारण तिथे उजेड छान यायचा. बायका कौतुकाने बघत होत्या. ती बाई बराच वेळ वाकून बघत राहिली आणि मग म्हणाली, "बच्चों को ऊपर मत रखना."

घरी येऊन मी मॉडेलचा वरचा मजला कटरने कापून काढला. सबमिशन तोंडावर आलं होतं, आई काळजीत पडली. मी सगळं तळमजल्यावर आणलं, प्रत्येक खोलीला थेट बाहेर जाणारं दार दिलं आणि जिन्याच्या जागी मोकळा चौक ठेवला. सरांच्या मते मी अर्धी इमारत वाया घालवली होती. तरी पास झाले.

पण वस्तीतल्या बायकांनी ते खरंच उभं करायचं मनावर घेतलं. माझी ड्रॉइंग्ज पालिकेत द्यायचं त्यांनी ठरवलं, मीही सोबत गेले. तिथल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं. मालकाशी बोलता येईल म्हणाले, पण आधी इमारतीची तपासणी व्हायला हवी. परतताना त्या बाईने आम्हा सगळ्यांना चहा पाजला. तेव्हा मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

तपासणी झाली. आगीने खांब आतून भाजले होते, इमारत केव्हाही कोसळेल असा निष्कर्ष निघाला. भिंतीवर नोटीस लागली आणि थोड्याच दिवसांत जेसीबी आला.

पाडकाम चालल्याचं कळताच मी गेले. ती बाई रस्त्यापलीकडे नाकावर ओढणी धरून उभी होती. असं होईल असं मला वाटलं नव्हतं, एवढंच मला बोलता आलं.

"गिरना तो था ही," ती म्हणाली. वरच्या मजल्याची भिंत खाली आली, तेव्हा तिने मान वळवली नाही. धूळ जरा बसल्यावर माझ्याकडे न बघता बोलली, "मुझे उसका मुँह नहीं दिखाया था. कपड़े में बाँधकर दे दिया. इसलिए यहीं आ जाती थी."

मी तिच्या शेजारी उभी राहिले. मग तिची कामावर जायची वेळ झाली आणि ती निघून गेली.

आता तिथे मालकाचं गोदाम आहे, रस्त्यापर्यंत ट्रक उभे असतात. नंतर एकदा मी वस्तीत तिची चौकशी केली. खोली सोडून गावी गेली, असं कुणीतरी म्हणालं. कुठलं गाव, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.