सिद्धाप्पाची सवत

शिवाजी पेठेत सिद्धाप्पाचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेला पंखा, बुडालेला पंप, मिक्सर, काहीही आणा, तो जुनी तार उपटून नवी भरून देतो. हाताला गुण आहे, जिभेला नाही. गिऱ्हाईक दोनदा "कवा मिळंल?" म्हणालं की तो म्हणतो, "जा की मग तसाच घिऊन." तरी लोक येतात. असल्या माणसाला पंचावन्नाव्या वर्षी पत्त्याच्या पानाएवढ्या एका हिरव्या पाटीचा मत्सर वाटेल, असं कुणी सांगितलं असतं तर पेठेनं ते हसण्यावारी नेलं असतं. पण वाटला. चांगला पोटात दुखेपर्यंत वाटला.

त्याचं मूळ तारेच्या वेढ्यांत आहे. मोटरीत तांब्याच्या तारेची जी गुंडाळी बसवतात, तिचे वेढे ठरलेले असतात. एक कमी चालत नाही, एक जास्त चालत नाही. म्हणून हातानं फिरवायच्या यंत्रावर मोजणीचा काटा असतो. सिद्धाप्पाच्या यंत्राचा काटा त्याच्या लग्नाच्या वर्षीच मोडला. नवा बसवणं काही जड नव्हतं. पण त्या दुपारी नवी नवरी डबा घेऊन दुकानात आली होती, ती म्हणाली, "मी मोजते की." बसव्वा निपाणीकडची, शाळा कानडीतली. ओंदू, यरडू, मूरू करत ती स्टुलावर बसून मोजत राहिली आणि हा दांडा फिरवत राहिला. पुढं त्यानं काटा बसवलाच नाही. कुणी विचारलं तर सांगायचा, "पार्ट मिळत न्हाय." खरं म्हणजे रोज दुपारी बायकोचा आवाज फक्त आपल्यासाठी, हे सुख त्याला एका टिनपाट काट्याच्या हवाली करायचं नव्हतं. सव्वीस वर्षं असंच चाललं.

मग लेकीनं घोळ केला. सौंदर्या पुण्याला नोकरीला असते. दिवाळीला येताना तिनं आईसाठी ती पाटी आणली. शिकणाऱ्या पोरांसाठी आणि हौशी लोकांसाठी काढलेला स्वस्तातला कॉम्प्युटर तो. ना डबा, ना झाकण. नुसती उघडी पाटी, तिच्यावर काळ्या चिपा आणि कडेला पिनांची रांग. घरच्या टीव्हीला जोडली की काम सुरू. "आई, तुझं गणित चांगलं होतं म्हणतीस ना? बघ जमतंय काय," एवढं बोलून पोरगी गेली निघून.

बसव्वानं मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून आधी एक दिवा लुकलुकवला. त्या दिवशी आमटी करपली. मग गच्चीवरची टाकी भरली की घरात पिपाणी वाजायला लागली. पाटीचं नाव तिनं ठेवलं पुट्टी, म्हणजे कानडीत चिमुरडी. "पुट्टी आज रुसलीया, सकाळधरनं बोलंना," असं ती जेवायला वाढताना सांगायची. सिद्धाप्पाही आठवडाभर रुसला होता, ते मात्र तिच्या गावीही नव्हतं.

संक्रांत झाल्यावर एके दिवशी ती पुट्टीला घेऊन दुकानातच आली. यंत्राच्या चाकाला तिनं छोटं लोहचुंबक चिकटवलं, समोर बोटाच्या पेराएवढा सेन्सर बसवला, तारा पाटीत खोचल्या. चाकाचा एक फेरा झाला की पाटीला जोडलेल्या बारक्या पडद्यावरचा आकडा एकनं पुढं जायचा.

"आता मला मोजाय नको," बसव्वा म्हणाली. तिच्या तोंडावरचा आनंद सिद्धाप्पाला बघवला नाही.

पहिले आठ-दहा दिवस ती तरीही येऊन बसली. खूप बोलायची. माहेरच्या विहिरीचं, सौंदर्याच्या घरमालकिणीचं, कानडी शाळेतल्या मास्तरांचं. सिद्धाप्पा "हं" म्हणायचा आणि डोळे फाडून पडद्याकडं बघायचा, की आकडा आता चुकेल, मग चुकेल. आकडा चुकत नव्हता. त्यानं दोनदा भरलेली गुंडाळी सोडून हातानं मोजून पाहिली. तंतोतंत. मग तर त्याचं डोकंच फिरलं. हळूहळू बसव्वा डबा ठेवून माघारी जाऊ लागली. या हिरव्या सटवीनं आधी बायकोची जागा घेतली आणि मग बायकोच घेतली, असं सिद्धाप्पानं मनाशी पक्कं करून टाकलं.

त्यात लोक मीठ चोळायला तयारच. शाहूवाडीचा पिराजी दर वर्षी पंप जाळून आणणारं जुनं गिऱ्हाईक. तो पंप खाली ठेवायच्या आधीच पाटीपुढं वाकला.

"हे वैनीनी केलंय व्हय? डोकं हाय की बाईला! आनि तुला रं सिद्धाप्पा, इतक्या वर्सांत न्हाय सुचलं ते?"

"पंप ठेव आनि सुट," सिद्धाप्पा म्हणाला.

"वैनीस्नी म्हणावं, आमच्या पंपालाबी कायतरी असलंच करून द्या."

पिराजीचा पंप त्या खेपेला सगळ्यांच्या शेवटी भरला गेला.

असा तो जळत-धुमसत दसऱ्यापर्यंत आला. खंडेनवमीला दुकानातली हत्यारं पुसून मांडायची, पूजा करायची, आणि दिवसभर त्यांना कामाला लावायचं नाही, हा शिरस्ता. दर वर्षी बसव्वा येऊन पहिलं कुंकू यंत्राच्या दांड्याला लावायची. यंदा तिनं सगळ्यांत टपोरा झेंडू पुट्टीपुढं ठेवला. सिद्धाप्पानं ते पाहिलं.

"री," बसव्वा म्हणाली. तिच्या माहेरी बायका नवऱ्याला अशीच हाक मारतात. "पुट्टी चालूच हाय, जरा थांबा. नारळ धुवून आणते, मग तिला नीट बंद करून पूजा करू."

ती नळाकडं गेली. ओल्या हातानं बटण दाबणाऱ्यांच्या अंगावर जन्मभर खेकसलेल्या सिद्धाप्पानं तांब्या उचलला. यंत्रावर पाणी शिंपडलं, पकडीवर शिंपडलं, आणि पाटीवर सरळ ओतलं. वर पातळ हळदकुंकवाची पाच बोटं ओढली. पाटीवरचा दिवा एकदा थरथरला आणि विझला. पूजा करणाऱ्याला कोण काय बोलणार? वर्षभरात पहिल्यांदा त्याच्या जिवाला गार वाटलं.

बसव्वा नारळ घेऊन आली. पाटीकडं बघून जागच्या जागी थांबली.

"चालू हाय म्हणून सांगितलं हुतं की ओ."

"ध्यानात न्हाय आलं."

तिनं त्याच्या ओल्या हाताकडं पाहिलं, मग तोंडाकडं पाहिलं. "व्हय काय," म्हणाली आणि नारळ फोडला. पाटी तिनं पुसली, उन्हात वाळवली, पुन्हा जोडून पाहिली. पुट्टी काही उठली नाही.

दसऱ्यानंतर दुकान उघडलं त्या दिवशी सिद्धाप्पा दाढी करून, धुतलेला शर्ट घालून आला. दुपारी बसव्वा डबा घेऊन आली, स्टूल ओढून बसली आणि मोजू लागली. सिद्धाप्पा नवरदेवासारखा ताठ बसून दांडा फिरवत होता. जिंकलो, असं त्याला वाटत होतं. शंभरी उलटल्यावर त्यानं सहज मान वर केली. आजवर ती मोजत असताना त्यानं कधी तारेवरची नजर काढली नव्हती. बसव्वाचे ओठ हलत होते आणि डोळे मेले होते. सरकारी कचेरीत नंबर यायची वाट बघणाऱ्या बाईसारखी ती बसली होती.

"कंटाळलीस व्हय गं?"

बसव्वा थांबली. मोजणी तिथंच तुटली.

"आज न्हाय, री. पहिल्यापास्नं. जन्मभर आकडं म्हणाय कुणाला आवडंल ओ?"

"मग यायचीस कशाला?"

"तुमी हितं असताय म्हणून. पर मोजताना बोलाय येत न्हाय. एक शब्द काढला की आकडा चुकायचा, मग तुमी वराडायचा. म्हणून तर पुट्टीला शिकवलं. म्हटलं, ती मोजंल आनि आपुन दोघं चार गोष्टी बोलू. तर तुमी तोंड फुगवून त्या पडद्याकडं बघत बसला. भिंतीसंगं किती दिस बोलायचं माणसानं?"

सिद्धाप्पाच्या हातातून दांडा सुटला. कानापर्यंत लाज चढली. खाली बघत तो म्हणाला, "ते पाणी मी मुद्दाम..."

"ठावं हाय." तिनं बिघडलेली गुंडाळी काढून त्याच्यापुढं ठेवली. "सोडा ही. पयल्यापास्नं भराय लागंल."

तो तार सोडवत राहिला. गुंडाळी सुटत आली तसं त्यानं विचारलं, "नवी पाटी मागवलीयास काय?"

"सौंदर्यानं धाडलीया. जुनीतलं मेमरी कार्ड शाबूत हाय, शिकवलेलं समदं त्यातच हाय, ते नवीत घातलं की झालं. शुक्रवारी येती."

"आज सोमवार."

"व्हय की."

"आनि तंवर?"

"तंवर मी मोजते. तुमी गप बसायचं."

सिद्धाप्पाला एकदम कितीतरी बोलायचं होतं. विहिरीचं पुढं काय झालं, घरमालकीण अजून भांडते काय, मास्तर कोण, हे सगळं त्याला आत्ताच्या आत्ता विचारायचं होतं. त्यानं दांडा धरला आणि तोंड उघडलं. बसव्वानं ओठावर बोट ठेवलं आणि मोजायला सुरुवात केली.