मुगाच्या डाळीएवढी पेस्ट

आमच्या आतोबांनी, म्हणजे माझ्या आत्याच्या यजमानांनी, आयुष्यात एकही गोष्ट पहिल्या फटक्यात मान्य केली नाही. खुद्द आत्यालाही त्यांनी तीनदा पाहिलं होतं, एकदा सकाळी, एकदा दुपारी आणि एकदा दिवेलागणीला, आणि मग घरी फक्त "चालेल" एवढंच कळवलं होतं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो हे समजू शकतं. आतोबांचं तोंड कधीच पोळलं नव्हतं. ते पद्धत म्हणून फुंकायचे.

ही पद्धत कारखान्यातली. ठाण्यात विजेची बटणं बनवणाऱ्या एका कारखान्यात ते तीस वर्षं तपासणी खात्यात होते. त्यांच्या टेबलावर आलेली वस्तू दोनच शब्द घेऊन बाहेर पडायची, "चालेल" किंवा "परत". "उत्तम" हा शब्द त्या तीस वर्षांत त्यांनी कधी कागदावर लिहिला नाही. "उत्तम म्हणायला वस्तू संपेपर्यंत वापरावी लागते," ते म्हणायचे, "आणि संपलेल्या वस्तूला उत्तम म्हणून करायचंय काय?" दुसरा नियम असा, की एकदा सही झालेला निकाल बदलायचा नाही, मग साक्षात मालक येऊन टेबलासमोर उभा राहो. आणि तिसरा, आकडा नेहमी दोनदा वाचायचा. पहिल्यांदा वाचायचा, ऐकणाऱ्याने तो म्हणून दाखवायचा, मग पुन्हा वाचायचा. कारखान्यात ऐकायला एक कारकून होता. घरी आत्या होती. रोज संध्याकाळी आतोबा खुर्चीत बसून दिवसभराचे निकाल वाचत आणि आत्या भाजी निवडता निवडता "चव्वेचाळीस" म्हणे, की ते परत "चव्वेचाळीस" म्हणत. लहानपणी ठाण्यात खोपटला त्यांच्याकडे राहायला गेलो की मला वाटायचं, सगळ्याच नवरा-बायकोंमध्ये असंच बोलणं होत असेल.

निवृत्तीनंतर बटणं संपली, पण तपासणी संपली नाही. नवी छत्री आणली की ती नळाखाली अर्धा तास उघडून धरायची, मग उलटी करून, मग तिरकी. माझ्या धाकट्या बहिणीला सांगून आलेल्या मुलाच्या घरी आतोबा न कळवता तीन वेगवेगळ्या वेळी जाऊन आले आणि चिठ्ठीवर निकाल दिला: "सकाळी तरतरीत. दुपारी झोपाळू. संध्याकाळी पुन्हा बरा. चालेल." लग्नाला आता कित्येक वर्षं झाली, मेहुणे अजून तंतोतंत तसेच आहेत. डोंबिवलीला माझ्याकडे यायला ते खोपटहून एसटी धरायचे. लोकल लवकर पोचते हे त्यांना मान्य होतं, पण "लवकर पोचणं आणि ठरल्या वेळी पोचणं ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत," असं त्यांचं म्हणणं. एसटीही ठरल्या वेळी पोचत नसे, पण तिची तपासणी अजून पूर्ण व्हायची होती.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी चांगली नोकरी सोडून डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला, डीटीपीचं दुकान काढलं. कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवायच्या आणि छापखान्यात पाठवायच्या, एवढाच धंदा. कॉम्प्युटर एकच होता, आणि त्याचं घरातल्या देवासारखं चाललं होतं. गिऱ्हाइकांनी चपला बाहेर काढायच्या, दसऱ्याला त्याला झेंडूचा हार. दुकानाच्या मुहूर्ताला आत्याने आपल्या हाताने विणलेलं कव्हर पाठवलं. क्रोशाचं, पांढऱ्या दोऱ्याचं, धूळ आत जाऊ नये म्हणून आतून गुलाबी साटीनचं अस्तर, खाली वीतभर झालर, आणि फ्लॉपी घालायला समोर काज-बटणाची सोय. कॉम्प्युटरचा उभा डबा त्यात मुंजीतल्या बटूसारखा नटलेला दिसायचा. आईने बजावलं होतं, "ते कव्हर काढायचं नाही हं. वन्सं मनाला लावून घेतील."

आत्या मनाला लावून घेईल एवढीच गोष्ट नव्हती. तिला काचबिंदू झाला होता. डॉक्टरांनी बारीक काम बंद करायला सांगितलं होतं, तरी तिने हे एक कव्हर खिडकीत बसून पुरं केलं, शेवटचे टाके तर बोटांनी मोजून. मुहूर्ताला ती येऊ शकली नाही. "उन्हाळा सरला की येईन आणि हात लावून बघेन," असा तिचा निरोप होता.

उन्हाळ्यात, ऐन लग्नसराईत, कॉम्प्युटर बंद पडायला लागला. पाऊणएक तास नीट चालायचा आणि मग चित्र गोठायचं. वधूचं नाव टाइप व्हायचं, वराचं नाव राहायचं. कोपर गावातलं एक गिऱ्हाईक रोज दारात उभं राहायचं. "मास्तर, आमचे पोरीचे पत्रिकेचा काय झाला? हळद तोंडावर आली नं." सगळी लग्नं अशीच हातची गेली असती तर पावसाळ्याआधी दुकानाला कुलूप लावून मी जुन्या साहेबांच्या दारात उभा राहिलो असतो.

दुरुस्तीवाल्याने डबा उघडून सांगितलं, की यंत्राचा मेंदू तापतोय. त्याच्या डोक्यावर ॲल्युमिनियमचा ठोकळा आणि पंखा असतो, मेंदू आणि ठोकळा यांच्यामध्ये लावायची पांढरी पेस्ट वाळून गेलीय, दुसरी लावा. बाजारात दोन मिळतात, त्यांतली कुठली, ते मात्र तो सांगू शकला नाही. नेमके त्याच वेळी आतोबा दुकानात होते. "दोन पेस्टा आहेत आणि कुठली चांगली ते ठाऊक नाही?" असं म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते मी त्यांच्या निवृत्तीनंतर प्रथमच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ते वही, घड्याळ, स्पिरिटची बाटली आणि कापूस घेऊन हजर झाले. पेस्टचं काम काय, हे त्यांनी मला आधी समजावलं. "तवा जरासा वाकडा असला की पोळी मधे टेकत नाही आणि तिथेच कच्ची राहते. इथेही तसंच. ठोकळा सगळीकडे टेकत नाही. पेस्ट ती फट भरते. जास्त थापलीस तर तीच आड येते. मुगाच्या डाळीएवढी." मग कल्याणच्या रेडिओवाल्याकडची पांढरी आणि मुंबईहून मागवलेली करडी, अशा दोन पेस्टा टेबलावर आल्या. पण दोनच वस्तूंची तुलना म्हणजे तुलनाच नव्हे, असं ठरून त्यांच्या शेजारी दात घासायची पेस्ट, पानाचा चुना, साजूक तूप, उगाळलेलं चंदन आणि आत्याचं कोल्डक्रीमही आलं. मी म्हटलं, "आतोबा, हा कॉम्प्युटर आहे, नवरी नाही." ते म्हणाले, "तपासणीच्या टेबलावर कुणाला ओळख दाखवायची नसते."

रोज दुपारी दुकान बंद करून एक चाचणी. जुनं पुसायचं, डाळीएवढं नवं लावायचं, पंखा बसवायचा, डबा बंद करून कव्हर घालायचं, आणि गणपतीचं चित्र असलेली एकच पत्रिका पडद्यावर पुन्हा पुन्हा रंगवायला लावायची. चित्र कधी गोठतं ते आतोबा वहीत मिनिटांत टिपायचे. पांढरी पेस्ट, बेचाळीस. करडी, त्रेचाळीस. चुना, अडतीस. चंदन, एकतीस, पण दुकानात देवघराचा वास. शनिवारी दाताच्या पेस्टची पाळी होती. ती तीन तास चालली, आणि थांबली तीही आतोबांनी एसटी चुकेल म्हणून बंद केली तेव्हाच. मी आनंदाने उडालोच. आतोबा म्हणाले, "तीनदा."

मंगळवारी तीच पेस्ट पस्तीस मिनिटांत गळाली. आतोबांनी चष्मा पुसला, घड्याळ कानाला लावलं. पुढच्या शनिवारी साजूक तुपाने तीन तास काढले, सोमवारी त्याच तुपाने अर्धा तास. "एकच माल दोन निकाल देत नाही," ते स्वतःशीच म्हणाले, आणि त्या संध्याकाळी चहाही न घेता गेले. तीस वर्षांत असा माल त्यांच्या टेबलावर आला नव्हता. माझ्या दुकानापेक्षा त्यांचीच मला जास्त काळजी वाटायला लागली.

तिसऱ्या शनिवारी त्यांनी रिकामी चाचणी घेतली, म्हणजे काहीच न लावता. कारखान्याचा तसा नियम होता. ठोकळा कोरडाच बसवला, आणि कॉम्प्युटर चालला. एक तास, दोन तास, तीन तास. ठणठणीत.

आतोबांनी त्या कव्हर नसलेल्या डब्याकडे पाहिलं. मग त्यांनी खुर्चीखालची आपली पिशवी पुढे ओढली. दर शनिवारी आल्या आल्या ते आत्याचं कव्हर काढून धुवायला न्यायचे आणि सोमवारी आणून द्यायचे, कारण आत्या ते स्वतःच्याच हातांनी धुवायची, दुसऱ्या कुणी धुतलेलं तिला चालत नसे. पिशवीतून त्यांनी कव्हर काढलं, डब्यावर चढवलं आणि मागे तळहात धरला. पंख्याची गरम हवा झालरीवर आपटून आतल्या आत फिरत होती. काही मिनिटांतच चित्र गोठलं.

"काखेत कळसा," आतोबा म्हणाले. पुढचं त्यांनी म्हटलं नाही.

मी सुटकेचा श्वास टाकला. "काढून टाकू या. मी सांगतो आत्याला."

"नाही सांगायचं."

"अहो पण..."

"तिचं ते शेवटचं काम आहे रे. यापुढे तिला सुई दिसणार नाही. आता तिला हे सांगू, की तुझ्या हातच्या वस्तूने पोराचं दुकान बुडत होतं?"

सोमवारी आतोबा नवी छत्री घेऊन आले, तीच, नळाखालच्या तिन्ही चाचण्या पार केलेली. माझ्यासमोर त्यांनी तिचं कापड उसवलं, काड्या सोडवल्या, वाकवल्या, आणि डब्याभोवती चार बोटं अंतर सोडून एक मांडव बांधला. मांडवावर कव्हर घातलं. झालर मागे वर टाचली. त्या दुपारी करड्या पेस्टवर कॉम्प्युटर दुकान बंद होईपर्यंत चालला, आणि कोपरच्या मुलीची पत्रिका वराच्या नावासकट छापायला गेली.

आता निकाल लिहायचा राहिला होता, आणि तो घरी वाचायचाही होता. आतोबांनी वही पुढे घेतली. पेन दोनदा उघडलं, दोनदा बंद केलं. शेवटी लिहिलं: "दोष: जुनी पेस्ट. उपाय: करडी पेस्ट, मुगाच्या डाळीएवढी, १८० मिनिटे. कव्हर: उत्तम." आणि खाली सही केली. मी तो शब्द पाहिला आणि दुसरीकडे बघितलं. आयुष्यभरात त्यांनी एकाच वस्तूला उत्तम म्हटलं, आणि ती नेमकी नापास झालेली वस्तू होती.

पुढच्या शनिवारी धुवायला गेलेलं कव्हर परत आलं ते झालरीशिवाय. "धुताना विरली म्हणे," आतोबा म्हणाले, आणि आम्ही दोघांनी ते नशीब समजून सोडून दिलं. पावसाळ्यात आत्या आली. चपला बाहेर काढून माझा हात धरून आत आली, कव्हरावरून बोटं फिरवली, काड्यांवर क्षणभर थांबली, आणि म्हणाली, "छान बसलंय."

आतोबा दशक संपता संपता गेले. त्यानंतर एकदा खोपटला आत्याकडे गेलो होतो. तोवर तिला फक्त उजेड कळायचा. ते कव्हर मी तिच्याकडे ठेवायला नेलं होतं, कारण दुकानात आता तीन कॉम्प्युटर झाले होते आणि एकालाच कपडे बरे दिसत नव्हते. तिने ते मांडीवर घेतलं, कडेवरून बोट फिरवलं.

"झालर मीच उसवली होती," ती म्हणाली. "बोटांनी एकेक ओळ. दोन रात्री न् एक दुपार लागली."

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? त्या दिवशी ह्यांनी निकाल वाचला तो एका दमात. मी एकशे ऐंशी म्हटलं, तर परत म्हणालेच नाहीत. आकडा एकदाच. आणि शेवटी म्हणे, उत्तम. मग शनिवारी कव्हर धुवायला आलं, तर झालरीला मागे टाचल्याची भोकं बोटांना लागली." ती हसली. "माझ्या डोळ्यांना दिसत नव्हतं रे, कानांना ऐकू येत होतं."

"मग आतोबांना कधी बोलली नाहीस?"

"कसं बोलणार? सही केली होती त्यांनी."

परवा दुकानात नवं यंत्र आलं, त्याच्याबरोबर पेस्टची एक छोटी नळीही होती. मी ती मुगाच्या डाळीएवढी लावली. आता यंत्र किती तापलं ते पडद्यावरच दिसतं, घड्याळ लावून बसावं लागत नाही. आकडा चव्वेचाळीस आला. दुकानात कुणी नव्हतं म्हणून मी तो मोठ्याने वाचला, थोडा थांबलो, आणि पुन्हा वाचला.