गेरूची रेघ

धुळ्यात आमच्या रस्त्याच्या रुंदीकरणाचा आराखडा मंजूर झाला, तेव्हा पालिकेची माणसं प्रत्येक घराच्या बाजूच्या भिंतीवर उभी लाल रेघ मारून गेली. रेघेपुढचं सगळं पाडायचं होतं. निधी काही आला नाही. रेघा उन्हानं विटल्या.

पिठाच्या गिरणीवाल्या अक्कांची रेघ मात्र कायम ताजी. त्यांचं नाव मला अजून ठाऊक नाही. दर दिवाळीला त्या भिंतीला चुना लावत, रेघेपाशी आल्या की हात आखडत, आणि मग काडीला चिंधी गुंडाळून रेघेवर गेरू फिरवत. एकदा मी हसलो. त्या न वळताच म्हणाल्या,

“पुसाई गयी ते नवी मारतीन, भाऊ. नवी कायम सरकीन घरमाच येस.”

परवा निधी आला. मोजणीवाला टेप घेऊन थेट गिरणीपाशी थांबला. अक्का पिठाच्या हातांनी रेघेला खेटून उभ्या राहिल्या.

“ही रेघ कोणाची?”

“तुमनीच शे.”

त्यानं टेप उलगडून रेघेला लावली. अक्कांची पापणी हलली नाही. शेवटी त्यानं टेप गुंडाळली आणि माझ्या दाराशी आला.

“तुमची रेघ कुठंय?”

माझी भिंत दर दिवाळीला चुना मारून पांढरीशुभ्र होती. त्यानं टेप उंबऱ्याच्या आतपर्यंत सोडली.