कानाझावाला कोणत्या ऋतूत?

किन्हवलीच्या गिरजाताईंची मनस्वी लग्नानंतर जपानला, कानाझावा शहरात गेली. जावई तिथल्या कारखान्यात आहे. "आये, एकदा ये ना गो," हा लेकीचा एकच धोशा. ताईंचा पासपोर्टही झाला. कधी जायचं, ते मात्र ठरेना. शेजारीण म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

मोबाईलवर बघून मी सांगितलं, "एप्रिलात जा. सगळं शहर फुललेलं असतं."

"तवा भातपेरणीसाठी शेतात राब भाजायचा असतो, वहिनी."

"मग जुलैत?"

"लावणी टाकून? लोक तोंडात शेण घालतील."

"थंडीत जा, बर्फ बघा."

"वाल कोन बघंल? आन् बर्फ तुमच्या फ्रिजात हाय की."

असं वर्ष गेलं. मग मला आठवलं, लेक-जावई जपानला जाण्याआधी काही महिने कल्याणला होते. ताई एकदा जाऊन आल्या, त्याही घरची भाकरी आणि पाण्याची बाटली घेऊन. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, हा जुना नेम. कल्याणला डबा पुरला. कानाझावाला महिनाभराचा कुठून नेणार? आणि लेकीला हे सांगायचं, तर तिच्या रिकाम्या ओटीवर बोट ठेवल्यासारखं.

परवा पडवीत बसून मी सरळच विचारलं. ताईंनी मान खाली घातली. पलीकडे त्यांच्या सासूबाई वाल निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "माजी आय मुरबाडवरनं भर वैशाखात चालत आली व्हती. मी तांब्या पुढं केला, तिनं हात नाय लावला. सुकल्या तोंडानं माघारी गेली. मला अजून सलतंय. तूबी पोरीला तेच देनार? जा नि पोटभर जेव. पाप लागलं तर माज्या नावावर टाक."

"खरंच सांगता, आत्याबाय?"

"नाय तं काय, मस्करी करतंय?"

ताईंनी पदरानं तोंड पुसलं नि हसल्याच. लगेच मला फोन लावायला लावला.

"मनू, कापनी-झोडनी उरकली की येते. तवा तिकडं झाडं लाल व्हतात म्हनं."

"खरंच, आये?"

"हां. पन जेवायला काय करशील, ते आधी सांग."

पलीकडून मनस्वी नाक ओढत म्हणाली, "तू म्हनशील ते गो."