भरलेला डबा परत गेला

बारावीच्या वर्षी माझं डोकं चालेनासं झालं. त्याआधी कुठली वस्तू कुठे ठेवली, कुणाला काय निरोप द्यायचा, हे घरात सगळे मलाच विचारत. आणि आता महाडच्या खोलीत मी एकच परिच्छेद सकाळपासून वाचत बसायचे. खाली पोहोचेपर्यंत वरचा पुसलेला असायचा. मैत्रिणीच्या वाक्याचा शेवट येईस्तोवर सुरुवात हरवायची. दोन ओढण्यांतली कुठली घ्यायची, हेही ठरेना. रडूबिडू काही येत नव्हतं. नुसतं जड वाटायचं.

आज याला नैराश्य म्हणतात, आणि त्यात स्मरण आणि विचार दोन्ही मंदावतात हे डॉक्टर सरळ सांगतात. तेव्हा कुणी सांगितलं नाही. उपाय मात्र भरपूर. भिजवलेले बदाम. ब्राह्मीचं तेल. पहाटे उठून मोठ्यानं वाचन. वडील प्राथमिक शिक्षक, त्यांची सगळी भिस्त पाठांतरावर. "लक्ष नाही तुझं," ते म्हणत. नव्हतंच. ते आणायचं कुठून, हे त्यांच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

आमचं घर पोलादपूरला. महाडला शिकणाऱ्या मुलांचे डबे सकाळच्या एसटीने येत आणि स्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीखाली ओळीने मांडले जात. आपला भरलेला उचलायचा, कालचा रिकामा तिथे ठेवायचा. तो संध्याकाळच्या गाडीने घरी जाई. याहून सोपं काम नाही. मी भरलेला ठेवून रिकामा घेऊन कॉलेजला जायचे. एकदा नव्हे, अनेकदा. दुपारी झाकण उघडल्यावर कळायचं, आणि भूक नसायचीच, म्हणून झाकण पुन्हा लावायचे.

कंट्रोलर म्हणाला, "ताई, असंच चालू ठेवा. आईचं काम वाचतंय."

घरी वेगळाच हिशोब लागला. मुलगी हॉटेलात खाते, शिक्षणात मन नाही. रविवारी घरी गेले तेव्हा वडिलांनी निकाल दिला. "डबा पुन्हा भरलेला आला तर तूही परत यायचं. मग स्थळं बघू."

सोमवारी डबा भरलेला गेला.

मंगळवारी सकाळच्या गाडीतून मांडीवर डबा घेतलेली आई उतरली. स्टँडच्या बाकावर मला शेजारी बसवलं.

"काल काय धाडलं होतं मी?"

"आठवत नाही."

"उघडलाच नायस, तर आठवंल कसं. बरं, परवा काय जेवलीस?"

"डब्यात असेल ती भाजी."

"परवा तू घरी होतीस गो. माझ्यासमोर बसून दोन घावन खाल्लंस."

मला भयंकर चीड आली. आईची, घावनांची, शेजारी कान देऊन उभ्या कंट्रोलरची. "नाही राहत डोक्यात," मी म्हटलं. "काहीच नाही राहत. मी मुद्दाम करते का?"

आईने डबा उघडला आणि तिथेच, सगळ्या स्टँडसमोर, मला जेवायला लावलं.

घरी जाऊन ती वडिलांना काय म्हणाली, ते धाकट्या बहिणीने मला नंतर सांगितलं.

"यंदा परीक्षा नाय. पुढल्या सालाला देईल. तोवर ती तिथंच राहील, आन् स्थळाचं नाव काढू नका."

"लोक विचारतील. काय सांगू?"

"पोटाचं दुखणं हाय म्हणून सांगा."

तेव्हापासून भरलेला डबा आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून येऊ लागला. फडकं दिसेल तो उचलायचा. एवढंच लक्षात ठेवायचं होतं, आणि तेवढं जमलं. डोकं मात्र सावकाश, त्याच्या मर्जीने ताळ्यावर आलं. आज माझ्या घरात प्रत्येक गोष्टीची यादी असते, मुलं हसतात; हसू देत.

पुढल्या वर्षी परीक्षा दिली, पास झाले. पेढे वाटायला निघाले तर शेजारच्या काकूंनी एक पेढा घेतला आणि माझ्या हातात ताकाचा तांब्या दिला. पोटासाठी.