पापणीची लाली

घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहायचं धाडस करतोय, माफ करा.

आईच्या तपासण्यांना रुग्णालयात जायचो, तेव्हा जासईची एक मासेवाली भेटायची. तिला रक्ताचा दुर्मीळ कर्करोग होता. गोळ्यांसोबत सलाईनमधून सोमल, म्हणजे विषच, बेताने देत होते. त्याने पुष्कळ जण पूर्ण बरे होतात, असं डॉक्टर म्हणाले होते.

"उंदराचं औषध घेऊन वाचनार मी!" ती हसायची. मग मासा ताजा आहे हे दाखवायला त्याचे लाल कल्ले उघडावेत तशी खालची पापणी ओढायची. "बग रं पोरा, लाल हाय का?"

पापणी आतून पांढरीफटक असायची, अंगात रक्तच कमी. "होईल, मावशी."

पुढे आमचं जाणं थांबलं.

काल आई कामोठ्याच्या बाजारातून पापलेट घेऊन आली. तिथे मासे विकायला बसलेल्या त्याच मावशीने म्हणे आधी पापलेटाचे कल्ले दाखवले, मग स्वतःची पापणी. "दोनी लाल हाय. पोराला सांग."