जुलैचं माप

डच माणूस सगळं तोंडावर सांगतो, असं इथे नव्याने आलेल्या प्रत्येकाला बजावलं जातं. आमच्या रायफल क्लबातल्या म्हाताऱ्याने तर तसं व्रतच घेतलं होतं. माझं डच लहान मुलासारखं आहे, डब्यातल्या चटणीला वास येतो, पोट सुटलंय, हे सगळं त्याने मला चारचौघांत ऐकवलं. मला राग येत नसे. ब्रेडा शहरातल्या माझ्या ऑफिसात गोड बोलणारे इतके भेटायचे की हाच एक माणूस खरा वाटायचा.

काडतुसं स्वतः भरायला मला त्यानेच शिकवलं. शनिवारी त्याच्या शेडमध्ये बसून आम्ही बारूद तोलायचो. एका जुलैत, अंगाची काहिली होत असताना, माझं माप पक्कं झालं. तीनशे मीटरवर गोळ्या एकमेकींना चिकटून बसायला लागल्या. आता याला हात लावू नकोस, असं त्याने सांगितलं. मी लावला नाही.

जानेवारीत क्लबच्या संघाची निवड होती. एकच जागा रिकामी होती आणि शेवटी उरलो आम्ही दोघं. त्या संघात बाहेरून आलेला माणूस कधीच गेला नव्हता. मला ती जागा जीव तोडून हवी होती.

रेंजवरचं गवत गोठलं होतं. माझा काडतुसांचा डबा सकाळपासून बाकावर उघडा पडलेला, त्याचा मात्र कोटाच्या आतल्या खिशात. म्हातारपणाचे चाळे, म्हणून मी मनातल्या मनात हसलोसुद्धा.

माझी प्रत्येक गोळी खाली लागत गेली. श्वास चुकतोय, बोट झटका देतंय, असं वाटून मी स्वतःलाच दुरुस्त करत राहिलो.

जागा त्याला मिळाली. नंतर कॉफी पिताना त्याने नीट समजावलं. बारूद गारठली की सावकाश जळते, गोळीचा वेग घटतो आणि लांबवर ती खाली उतरते. उन्हाळ्यात बसवलेला नेम हिवाळ्यात तपासून घ्यावा लागतो. मग हे आधी का नाही सांगितलंस, असं मी विचारलं.

"जागा एकच होती," तो शांतपणे म्हणाला.

पुढे मी काडतुसं भरायचं माझं वेगळं सामान घेतलं, थंडीतलं माप वेगळं काढलं आणि संघातही गेलो. त्याचे हात आता थरथरतात, तो नुसता बघायला येतो. नवीन माणूस दिसला की माझ्याकडे बोट दाखवून सांगतो, "याला मी शिकवलंय." ते खोटं नाही, म्हणूनच जास्त झोंबतं.